नावावरच्या ओळी

“ताई, ही ओळ तुमची आहे ना? मग हे चाळीस सेकंद कशासाठी घातलेत तेवढं सांगा,” असं म्हणत कात्री उघडा लॅपटॉप हातावर तोलत तिच्या टेबलापाशी येऊन उभा राहिला आणि तिने चहाचा कप खाली ठेवला. कात्री हे काही त्याचं खरं नाव नव्हे. दुसऱ्याने लिहिलेल्या कोडमधलं काय काय छाटता येईल हे तो नुसत्या नजरेने सांगायचा, म्हणून ऑफिसात सगळे त्याला कात्री म्हणत आणि तोही बिनतक्रार ओ देई. ती इथे नवीन. नवीन म्हणजे वयाने नव्हे, वयाने ती तिथल्या निम्म्या लोकांची मावशी शोभली असती. म्हणून तर पहिल्याच दिवशी न विचारता तिची ताई होऊन गेली होती. त्याने स्क्रीन तिच्याकडे वळवला. ओळ साधीच होती: अमक्या थांब्यावर बस पोहोचली की पुढच्या थांब्याच्या वेळेत चाळीस सेकंद मिळवा. पण तिच्या डाव्या अंगाला, फिकट करड्या अक्षरांत, तिचं नाव होतं. आडनावासकट. वरच्या ओळीवर तिचंच नाव, खालच्या ओळीवरही तेच. कात्रीने पान सरकवलं तर पार तळापर्यंत तीच ती, एखाद्या इमारतीत प्रत्येक दारावर एकाच बाईची पाटी असावी तशी. ‘अरे बाबा, मी नाही लिहिली ती, मी फक्त तिच्या मागची धूळ झटकली,’ हे अगदी जिभेवर आलं होतं. पण कात्री खरोखर उत्तराची वाट बघत होता. भुवया किंचित वर, मान किंचित पुढे. इतक्या वर्षांत कोणी तिच्याकडे असं बघितलं नव्हतं. घरात तिला दिवसभर प्रश्न असत, नाही असं नाही, पण ते टॉवेल कुठेय आणि गॅस बंद केलास का, असे. “उद्या सांगते,” ती म्हणाली, आणि आपलाच आवाज ऐकून चकित झाली. “चालेल,” म्हणून कात्री गेलासुद्धा.

हा घोळ कसा झाला ते तिला पुढच्याच मिनिटाला कळलं, आणि कळल्यावर हसावं की डोकं धरावं ते कळेना. त्यांच्या ऑफिसात शहरभरच्या बसथांब्यांवरचे फलक चालवणारी प्रणाली होती. कुठली बस किती मिनिटांत येतेय हे सांगणारे ते फलक. कोड जुनं, अनेक हातांखालून गेलेलं, आणि त्यातले बरेचसे हात आता ऑफिसात नव्हते. ती रुजू झाली त्या दिवशी साहेब (तेही तिच्याहून लहान, पण साहेब ते साहेब) म्हणाले होते, “ताई, सुरुवात हलक्या कामाने करू. कोडमध्ये केर फार झालाय. ओळी संपल्यावर मागे उगाच मोकळ्या जागा सोडल्यात, कुठे टॅब मारलाय, कुठे स्पेस. तेवढं झाडून घ्या, म्हणजे कोडशी ओळख होईल. महिनाअखेरीला आपण बसून बोलू.” बसून बोलू म्हणजे ठेवायचं की नाही ते बोलू, हे दोघांनाही ठाऊक होतं. तिने झाडून घेतलं. आणि अशा ठिकाणी कोणी कुठली ओळ शेवटची कधी हलवली याची नोंद आपोआप होत असते. कोणी हलवली, एवढंच. तिने ओळीतला शब्द बदलला की शेपटीची रिकामी जागा पुसली, यंत्राला दोन्ही सारखंच. शेवटचा हात तिचा, म्हणून ओळ तिची. बसल्या जागी ती सगळ्या शहराच्या बसगाड्यांची धनीण झाली होती.

संध्याकाळी घरी सासूबाईंना हे सांगायला तिला शब्द सापडेनात. सासूबाईंचं खुब्याचं हाड मोडलं तेव्हा तिने जुनी, अशीच कोड लिहायची नोकरी सोडली होती. ते हाड जुळलं, मग मुलीचं दुखणं निघालं, ते बरं झालं, मग शाळा, मग असंच आणखी काही, आणि वर्षं कशी गेली ते तिला विचारू नका. आता सासूबाई ठणठणीत होत्या, रोज बागेत दोन फेऱ्या मारायच्या आणि सुनेच्या नोकरीची खबर घ्यायच्या. “म्हणजे तू रिकाम्या जागा पुसल्यास?” “हो.” “अगं, रिकामी जागा ती रिकामीच. ती पुसायची काय?” “दिसत नाही आई, पण असते. ओळ संपली असं वाटतं, आणि पुढे तीन-चार स्पेस लोंबत असतात. शेपटीसारख्या.” “आणि त्या शेपट्यांनी बस थांबते?” “नाही थांबत.” “मग पगार कशाचा देतात?” तिचा नवरा कवळ्या करायचा, दिवसभर प्लास्टरच्या जबड्यांत बसून त्याला एक गंभीर विनोदबुद्धी आली होती. तो म्हणाला, “आई, दातांच्या फटीत काही अडकलं तर जेवण थांबतं का? पण चैन पडत नाही ना.” सासूबाईंना ते पटलं असावं, कारण त्यांनी विषय सोडून दुधाचं काढलं.

पण खरं सांगायचं तर त्या हलक्या कामाने तिला वेड लावलं होतं, आणि ते तिने कोणालाच सांगितलं नव्हतं. कात्री पहिल्याच दिवशी म्हणाला होता, “एक कमांड आहे ताई, मारा आणि चहा पिऊन या.” तिने ती मारली नाही. फलकांवर जो मजकूर उमटतो त्यात बसचा नंबर असतो, मग मोकळी जागा, मग मिनिटं. तिथली शेपटी मुद्दाम सोडलेली. आंधळा झाडू फिरवला असता तर बारा नंबरची बस पाच मिनिटांत येतेय याच्याऐवजी एकशेपंचवीस असं काहीतरी उमटलं असतं आणि थांब्यावरच्या लोकांनी कुठल्या बसची वाट बघायची? म्हणून तिने स्पेस दिसायला लागतील अशी सोय सुरू केली आणि फाइलीमागून फाइल डोळ्यांखालून घातली. प्रत्येक स्पेस म्हणजे एक बारीक ठिपका. बघता बघता पांढऱ्या पडद्यावर राई सांडल्यासारखी झाली. मग एकेक ओळ, शेवटाला जायचं, पुसायचं, खाली यायचं. पहिल्या दिवशी बोटं अडखळली. दुसऱ्या दिवशी सरावली. नंतर तिला जाणवलं की बोटांना सगळं आठवतंय, तिला स्वतःलाच ते ठाऊक नव्हतं. एवढी वर्षं ओट्याशी दूध तापायची वाट बघताना ती ज्या तालात बोटं वाजवायची तो ताल कळफलकाचा होता. तिची आई चादर घातल्यावर तळहात फिरवायची, पलंगाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, आणि शेवटी एक चापट मारायची. लहानपणी तिला वाटे, यात एवढं खूश होण्यासारखं काय आहे. आता एक फाइल साफ झाली की तिचाही तळहात टेबलावर पडायचा. शेजारची मुलगी दचकून बघायची.

आणि आणखी एक मजा होती. कोड कोणी लिहिलंय हे नावांवरून बघायची तिला गरजच पडेना. शेपट्यांवरून माणूस ओळखू यायचा. एक जण होता तो विचार करताना स्पेसबार बडवत असणार, कारण अवघड ओळ आली की तिच्या मागे ठिपक्यांची ही रांग. जितकं कोडं कठीण तितकी शेपटी लांब. त्याचं नाव तिने विचारी ठेवलं. एकाला टॅबशिवाय काही सुचत नव्हतं. एक बाई, बाईच असणार असं तिला का कोण जाणे वाटे, प्रत्येक लहानसहान गोष्टीनंतर तीन ओळी मोकळ्या सोडायची, खिडक्या उघड्या टाकून राहणारी माणसं असतात तशी. ती हवेशीर. कात्रीची शेपटी कुठेच नव्हती, एक ठिपकाही नाही, आणि हे बघून तिला त्याची थोडी कीवच आली. अशी दिवसेंदिवस सगळ्यांच्या घरांतून हिंडून आल्यावर तिने सगळं एकत्र कमिट केलं, म्हणजे बदल कायमचा नोंदवून टाकला, आणि त्या क्षणी, तिच्या ध्यानीमनी नसताना, विचारी आणि हवेशीर आणि टॅबवाला सगळे पुसले जाऊन त्यांच्या जागी ती बसली.

तर ते चाळीस सेकंद. कात्रीला ‘उद्या’ सांगितलं होतं आणि उद्या काही लांब नव्हता. त्याच संध्याकाळी, घरी जायच्या आधी, ती दोन बस बदलून त्या थांब्यावर जाऊन उभी राहिली होती. का, ते तिलाही नीट सांगता आलं नसतं. घरी भाजी चिरायची होती, पायाला नवी चप्पल चावत होती. थांबा बाकी थांब्यांसारखाच. बाक, छप्पर, फलक. फलकावर तांबड्या अक्षरांत मिनिटं कमी होत होती आणि ती त्यांच्याकडे ओळखीच्या माणसाकडे बघावं तशी बघत होती. त्या आकड्यांमधली फट तिने वाचवली होती. एक बस आली, गेली. दुसरी आली. मग रस्त्यापलीकडच्या दारातून एक म्हातारे गृहस्थ बाहेर पडले, एका डोळ्यावर कापसाची पट्टी. त्यांच्या मागून एक बाई, तिच्याही डोळ्यावर पट्टी. मग आणखी दोघे. डोळ्यांचा दवाखाना होता तो. एका डोळ्याने बसच्या पायरीची उंची कळत नाही. प्रत्येक जण पाय उचलायचा, हवेत धरायचा, पुन्हा खाली ठेवायचा, आणि ड्रायव्हर मान वळवून शांतपणे बघत होता. भोंगा नाही, चला चला नाही. “सावकाश, काका,” तो एकदा म्हणाला. विचारी इथे येऊन उभा राहिला होता तर. त्या ओळीची शेपटी तिला आठवत होती, केवढी लांब होती ती. तिला एकदम इतकं हसू आलं की पट्टीवाल्या बाईंनी उघड्या डोळ्याने तिच्याकडे वळून बघितलं.

दुसऱ्या दिवशी तिने कात्रीला हे सांगितलं तेव्हा त्याने ती ओळ पुन्हा एकदा वाचली. “मी छाटणार होतो ते,” तो म्हणाला. “माहितीय मला,” ती म्हणाली. आणि मग बांध फुटला. माणसं येऊ लागली. रविवारच्या फेऱ्यांना वेगळा हिशोब का आहे, पुलावरून जाताना गाडी फलकावरून गायब का होते, हे दोनदा का तपासलंय. नाव तिचं, म्हणून तिच्याकडे. काही उत्तरं तिला लगेच सुचत, कारण, आणि हे कळल्यावर ती खुर्चीत सरळ होऊन बसली, त्या कोडमधल्या प्रत्येक ओळीजवळून एकदा तरी गेलेलं माणूस त्या ऑफिसात एकच होतं. बाकीचे आपापल्या गल्लीत राहत. ती शेपट्या वेचत गावभर फिरली होती. अमुक गोष्ट आणखी कुठे येते, हे तिला शोधावं लागत नसे, ती म्हणायची, थांब, हे त्या हवेशीर बाईच्या फाइलीत पण आहे; आणि मग जीभ चावायची. जे सुचत नसे ते ती वाचून काढी, कधी थांब्यावर जाऊन बघे. डबा खाताना वाची. नवरा म्हणाला, “तू हल्ली झोपेत थांब्यांची नावं घेतेस.” “क्रमाने?” तिने विचारलं. “क्रमाने,” तो म्हणाला. तिला फार बरं वाटलं.

आनंद हा असा, पण त्याच्या तळाशी एक खडा होता. उत्तरं तिची होती, पण प्रश्न मात्र चुकून तिच्या पत्त्यावर येत होते. हे दिवस ज्या नावावर चालले होते ते नाव तिने शेपट्या पुसून मिळवलं होतं. ते काढून घेतलं तर उरेल काय? एक बाई, नवी, महिनाअखेरीची. ही नोकरी तिला हवी होती, पगारासाठी हवी होती हे खरंच, पण त्याहून जास्त ती कोणी तसं भुवया वर करून आपल्यासाठी थांबावं म्हणून हवी होती, आणि हे स्वतःशी कबूल करतानाही तिला लाज वाटायची. अशात तिला एक युक्ती सापडली, शोधत नसताना सापडली म्हणून जास्तच बोचली. अमुक एक बदल हिशोबात धरू नका, असं सांगणारी एक छोटी फाइल ठेवता येत होती. त्यात तिच्या त्या एका कमिटचा क्रमांक लिहिला की यंत्र तो ओलांडून मागे जाणार, आणि प्रत्येक ओळीवर ज्याचं त्याचं नाव परत. एका ओळीचं काम. तिने ते पान बंद केलं आणि उगाच उठून पाणी प्यायली. चार दिवस ती रोज पाणी पीत राहिली.

मग ऑफिसातल्या दोघी मुली आल्या, नेहमी जोडीने येणाऱ्या, आणि त्यांनी पावसामुळे रस्ता बंद झाला की बस वळवायच्या हिशोबातली एक ओळ दाखवली. ओळ विचारीची होती, ओळीच्या अवघडपणावरूनच कळत होतं. तिने वाचली, पुन्हा वाचली, घरी जाऊन डोक्यात घोळवली. नाही उलगडली. मुली दुसऱ्या दिवशी आल्या, तिसऱ्या दिवशी आल्या, त्यांचं काम अडून बसलं होतं, तरी त्या विश्वासाने म्हणाल्या, “सावकाश सांगा ताई, तुम्हीच लिहिलीय म्हणजे आठवेल.” ते ‘आठवेल’ तिला फार लागलं. कुठेतरी हा माणूस आहे, विचारी, जिवंत, फोन असलेला, त्याला दोन मिनिटांत सांगता येईल, आणि त्याच्या दारावर आपण आपली पाटी ठोकून बसलोय. रात्रीच्या जेवणाला तिने हे घरात काढलं. सासूबाई म्हणाल्या, “चोरी केलीस का? न मागता मिळालंय ना? मग राहू दे. बायकांच्या नावावर एरवी असतं काय.” त्यात तथ्य होतं आणि ती जरा सुखावलीही. नवरा भात कालवत म्हणाला, “माझ्या कवळ्या घालून निम्मं गाव हसतं. माझं नाव कोणाच्या दातावर आहे?” “तुला नाही वाईट वाटत?” “कवळी सैल झाली की माझ्याकडेच येतात,” तो म्हणाला आणि लोणचं मागितलं.

शुक्रवारी दुपारी तिने ते केलं. फाइल उघडली, क्रमांक लिहिला, कमिट केलं, आणि सगळ्यांना दोन ओळींचा निरोप पाठवला: नावं माझ्या सफाईमुळे पुसली गेली होती, ती परत आणली आहेत, यातलं मी काहीही लिहिलेलं नाही, मी फक्त मोकळ्या जागा काढल्या होत्या, आधीच सांगायला हवं होतं. मग तिने चाळीस सेकंदांची फाइल उघडून बघितली. डाव्या अंगाला तिचं नाव कुठेच नव्हतं. एका अनोळखी पुरुषाचं नाव होतं, लांबलचक, दाक्षिण्याने भरलेलं असं तिला उगाच वाटलं, तो विचारी. खाली टॅबवाला. मध्ये हवेशीर, आणि ती खरंच बाई निघाली. एकेका नावावरून तिने बोट फिरवलं. कधीच न भेटलेली ही सगळी माणसं आपल्या जागी येऊन बसलेली बघून तिला भरून आलं, खोटं कशाला बोला, रडूच आलं थोडं, पण ते पाहुणे सुखरूप पोहोचल्याचा फोन आल्यावर येतं तसलं होतं. घरी जाताना बसमध्ये मात्र तिला हलकं वाटत होतं की रिकामं, ते ठरवता आलं नाही.

सोमवारी सकाळी तिच्या टेबलाशी कोणी आलं नाही. तिने मेल वाचले, ड्रॉवर आवरला, आवरलेला ड्रॉवर पुन्हा आवरला. पलीकडे त्या दोन मुली फोन मधे ठेवून विचारीशी बोलत होत्या आणि एकदम खिदळल्या. म्हणजे ती ओळ उलगडली. तिला आनंद झाला, आणि त्याच आनंदाच्या पोटात, आता झालं, संपलं, असंही वाटलं. साहेब जाता जाता म्हणाले, “नावं परत आली, चांगलं केलंत,” आणि पुढे गेले. एवढंच. तिने मनाशी महिनाअखेरीचं संभाषण रचून बघितलं, त्यात साहेब फार सभ्यपणे बोलत होते. जेवणाची सुट्टी झाली, संपली. मग कात्री आला. निरोप त्याने वाचला होता, हे त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं, आणि आता हा काय बोलणार म्हणून ती अंग आवळून बसली. त्याने लॅपटॉप तिच्यापुढे ठेवला. “ही ओळ बघा.”

तिने आधी डावीकडे बघितलं. नाव कात्रीचं होतं. गेल्याच आठवड्यातलं. “अरे, ही तर तुझीच आहे.”

“माझीच आहे,” तो म्हणाला. “बस परतीच्या फेरीला निघाली की मधले दोन थांबे गिळते. सकाळपासून बघतोय, डोकं चालत नाही. साहेबांना दाखवलं तर म्हणाले, मला काय दाखवतोस, ताईंकडे जा, वेळापत्रकाचं सगळं यापुढे त्याच बघणार आहेत.”

“कोण म्हणालं?”

“साहेब. तुम्हाला नाही बोलले अजून? मग महिनाअखेरीला बोलतील. मी सांगितलं असं सांगू नका.” आणि तो उत्तराची वाट बघत थांबला, भुवया किंचित वर, मान किंचित पुढे.

नाव त्याचं, ओळ त्याची, घोळही त्याचाच. तिच्या चेहऱ्यावर काय पसरलं असेल ते तिला आवरता आलं नाही आणि तिने आवरलंही नाही. “खुर्ची ओढ,” ती म्हणाली, “आणि परतीची फेरी कुठल्या थांब्यापासून धरलीस ते मला पहिल्यापासून सांग.”